चाळीस ताटांचे मैल

प्रिय थोरल्या,

कुरिअरच्या पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून सांगून टाकते, कोणाला काही झालेलं नाही. मी धडधाकट आहे, खानावळ चालू आहे. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "आई, मीटिंगमध्ये आहे, पटकन बोल" म्हणतोस आणि मला पटकन बोलता येतं ते फक्त ओरडून. मग मी फोन आपटते आणि बोलायचं ते राहूनच जातं. पत्र मधे तोडता येत नाही. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, कोंबडीचे पाय, तसंच वाच.

पहिली गोष्ट ही. धाकटीची बाळंतपणाची तारीख अलीकडे आलीय. सहा आठवडे होते, आता तीनच उरलेत. डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून बजावलंय. जावयाची नोकरी दोन महिन्यांपूर्वी सुटली, तो मिळेल ते काम करत दिवसभर बाहेर. समुद्रापलीकडच्या त्या शहरात तिला पाण्याचा ग्लास द्यायला घरात कोणी नाही. तुला हे ठाऊक नसणार, कारण तुमचं बोलणं नाही. अठरा तारखेच्या विमानात मी बसले पाहिजे. पुढे मी रागात काय काय लिहीन ते लिहीन, पण वाचताना हे डोक्यात ठेव.

आता कार्डाचं. तुझे बाबा गेल्यावर तू मला तुझ्या कार्डाचं जोडकार्ड आणून दिलंस, अडीअडचणीला असू दे म्हणालास. मी ते डब्यांच्या फळीवर ठेवून दिलं होतं. मग आपल्याकडे जेवायला येतो तो तिकीटवाला, तोच, ट्रॅव्हल कंपनीत खिडकीवर बसतो आणि मीठ कमी म्हणून रोज कुरकुरतो, त्याने एकदा ते बघितलं. म्हणाला, मावशी, तुम्ही महिन्याला एवढा तांदूळ, एवढं तेल, एवढे बटाटे रोखीने आणता आणि हे कार्ड इथे धूळ खातंय? यावर घेतलंत तर पॉइंट पडतात, पॉइंटांचे विमानाचे मैल होतात, जेवण घालता घालता विमानात बसाल. मी म्हटलं, तू आधी मागच्या महिन्याचे पैसे दे. पण ते डोक्यातून जाईना.

त्या दिवसापासून साडेतीन वर्षं, थोरल्या, चाळीस माणसांचं किराणासामान मी त्या कार्डावर आणलं. नेहमीचा तेलवाला कार्डाला दोन टक्के जादा मागायला लागला. त्याला म्हटलं, दोन टक्के तुझ्या मिशीला लाव. दोन स्टॉप पलीकडे मोठं दुकान आहे, तिथे जादा घेत नाहीत, तिथून मी डबे आणायला लागले. माझा उजवा खांदा दुखतो, सूनबाई म्हणते वय झालं. वय नाही, ते तेलाचे डबे आहेत. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनींचं मशीन माझ्या कार्डावर, समोरच्या नर्सबाईचा फ्रीज माझ्या कार्डावर. त्यांनी मला रोख दिलं, मी दर महिन्याला तारखेच्या आधी तुझ्या खात्यात भरलं. एकदा तरी उशीर झाला? सांग. लोक म्हणायला लागले, खानावळवाल्या बाईंना कार्डाचं वेड लागलंय. लागलंच होतं. कोणी काही खरेदीला निघालं की माझा हात आपोआप पदराखालच्या पाकिटाकडे.

थांब, गॅसवाला आलाय.

आले. दोन सिलिंडर जिन्याखाली टाकून गेला. वर चढवायला नको म्हणतो, पाठ धरलीय. सगळ्यांच्या पाठी धरतात, माझीच तेवढी लोखंडाची. मला हल्ली बसवत नाही. हे लिहिताना तिसऱ्यांदा उठले. भाजी ढवळायची नसते तरी उठून ढवळते.

तर सोमवारी धाकटीचा फोन आला. मंगळवारी मी चांगलं लुगडं नेसून तिकीटवाल्याच्या खिडकीवर गेले. म्हटलं, काढ माझे मैल. त्याने कार्डाचा नंबर घातला, काही उघडेना. म्हणाला, मावशी, बँकेत विचारा. बँकेत गेले. काउंटरवर तुझ्या बायकोच्या वयाची एक मुलगी होती. फार गोड बोलते, गोड बोलणारी माणसं वाईट बातमीच देतात. म्हणाली, काकू, हे जोडकार्ड आहे, याचे पॉइंट तुमच्या नावावर पडत नाहीत, मुख्य कार्ड ज्याचं आहे त्याच्या खात्यात जातात. मी म्हटलं, बरं, मुलाचंच आहे, त्याच्या खात्यातले द्या. म्हणाली, त्यांना विचारावं लागेल, आणि तसेही बरेचसे मार्चमध्ये वापरलेत, दोन तिकिटं, जाऊन-येऊन.

मार्चमध्ये तुम्ही दोघं त्या बेटावर गेला होतात. विमानात पाय लांब करून काढलेला फोटो तू पाठवला होतास, "आई, बघ, जवळजवळ फुकटात." मी तो सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवला होता. एकेकाला थांबवून. माझा थोरला बघा, डोकं कसं चालवतो. नर्सबाई म्हणाली, नशीबवान आहात. बँकेतल्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मला ते सगळं आठवलं आणि मला हसू आलं, देवाशपथ. ती मुलगी घाबरली, पाणी आणायला धावली.

तू चोरी केलीस असं मी म्हणत नाही. मी पॉइंट जमवतेय हे तुला माहीत नव्हतं, मलाही कळतं. पण तुमच्या घरात माणसं दोन, सकाळी दोघंही टोस्ट खाऊन पळता. दोन माणसांच्या घरात चाळीस माणसांच्या जेवणाचे पॉइंट कुठून पडतात, हे एकदाही तुझ्या मनात आलं नाही? गेल्या रविवारी पण फोनवर सांगत होतास, आई, पुढच्या महिन्यात परत जातोय, बावीस दिवसांची रजा साठलीय, पॉइंट पण होत आलेत. आपोआप होतात जणू. झाडाला लागतात.

माझंही चुकलं. मी तुला सांगितलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता असं मी तिकीटवाल्याला सांगितलं, पण ते खरं नाही. तिकीट धाकटीसाठी जमवतेय म्हटलं असतं तर तुझा चेहरा पडला असता, आणि तो मला बघायचा नव्हता. बाबा गेले त्या दिवशी तिचा फोन तू घेतलास. ती रडत विचारत होती, कसंही करून येते, तिकिटाला तेवढे पैसे नाहीत, दादा, थोडे देशील का. तू म्हणालास, आता येऊन काय उपयोग, राहू दे. मी शेजारीच बसले होते. मी सगळं ऐकलं. तेव्हा तुझा हातही रिकामा होता हे मला ठाऊक होतं, तू रात्रभर दवाखान्यात उभा होतास हेही ठाऊक होतं. पण मी फोन हातात घेऊन "ये गं" एवढं म्हणू शकले असते. नाही म्हटलं. नंतर तू तिला फोनवर सगळ्यांसमोर म्हणालास की बापासाठी तुला तिकीट मिळालं नाही, आणि ते बोलणं तिथेच संपलं तुमचं. तेल वाहताना माझ्या डोक्यात दुसरं काही नसायचं. पुन्हा या घरात कोणी तिकिटापायी अडकायला नको, बस्स.

आता तू म्हणशील, आई, मी पैसे भरतो, जाण्या-येण्याचं तिकीट काढून देतो. नको. पैसे दिलेस की तू मोकळा झालास, आणि मला तू मोकळा नकोयस. बँकेतल्या मुलीच्या मॅनेजरीणबाईंनी आधी मुलाला विचारा म्हटलं, मग एवढं कानात सांगितलं की मार्चनंतर जे साठलेत त्यांत एक माणूस एका बाजूने जाईल. ते माझे बटाटे आहेत. त्यातलंच तिकीट मला पाहिजे. तिकीटवाल्याने अठरा तारखेची सीट बघून ठेवलीय, पण शनिवारच्या आत घ्यायला हवी, नंतर दुसरा कोणी उचलेल. विमानतळाचा कर रोख द्यावा लागतो, तो मी भरीन. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का बसलाय. पॉइंट वापरताना तुझ्या मोबाइलवर येतो तो नंबर तेवढा हवा. पण तो तिकीटवाल्याला सांगायचा नाही. तू स्वतः बसून तिकीट काढ. तिच्या शहराचं नाव तुझ्या बोटांनी लिही.

आणि एवढ्यासाठीच पत्र लिहायचं असतं तर चार ओळींत झालं असतं. लिहिलं ते यासाठी. खानावळ बंद ठेवली तर चाळीस माणसं आठवड्यात दुसरीकडे जातील, मग परत यायचीही गरज नाही. माझे पॉइंट तू वापरलेस, आता तुझी रजा मी वापरते. सतरा तारखेला इकडे ये. हाताखालची बाई सकाळी पाचला येते, दार तू उघडायचंस. सिलिंडर जिन्याखाली आहेत. कशात किती काय घालायचं ते मला विचारू नकोस, मी बाळंतिणीजवळ असेन. धाकटीने लग्नाआधी सहा वर्षं माझ्याबरोबर हे स्वयंपाकघर चालवलं, तिला सगळं तोंडपाठ आहे आणि दिवसभर पडून तिला कंटाळा आलाय, तिला विचार. किराणा कार्डावरच आण, त्याच मोठ्या दुकानातून, डबे उचलून. माझं येतानाचं तिकीट त्यातूनच निघायचंय, तेव्हा मी परत कधी येते ते तू माणसांना कसं जेवू घालतोस त्यावर आहे. रजा संपली तर वाढवून घे. साहेबाला सांग, घरी बाळंतपण आहे.

शनिवारपर्यंत फोनजवळच बसलेली,
तुझीच,
आई