लोढणं घालणार नाही

आबा, पिल्लाच्या गळ्यात लोढणं घातलं नाही, घालणारही नाही. तुमच्या हातचा तो बाभळीचा ओंडका आईने काल माळ्यावरून काढला आणि उंबऱ्यात ठेवला, येता-जाता माझ्या पायाला लागेल असा. कुत्रं पळायला लागलं की गळ्यातला ओंडका पुढच्या गुडघ्यांवर आपटतो आणि ते आपोआप जागच्या जागी बसतं, ही तुमची युक्ती. आईने सरळ सांगितलं, "ह्ये गळ्यात अडकव, न्हायतर मोरगावला चुलत्याच्या मेंढरांत सोडून ये. हितं न्हाय चालायचं."

तिचंही खोटं नाही. पिल्लू तुमच्या भावाच्याच कळपातलं, मेंढरं वळणाऱ्या कुत्रीचं. इथं इंदापूरच्या घरात त्याने वळायचं काय? मी लोणी देवकरला कंपनीत, आई टीव्हीपुढे. त्याने आधी उशी फाडली, मग शेजारच्या तात्यांच्या उसातली ठिबकची नळी चावली. तात्या तुकडा घेऊन दारात आले. "पोरी, ह्ये कुत्रं हाय का उंदीर?" हसत म्हणाले, पण दुसऱ्यांदा हसणार नाहीत.

मीही आधी तुमचंच ऐकलं. दमलं की गप बसतंय, असं तुम्ही कुत्र्याबद्दल म्हणायचा, बैलाबद्दल म्हणायचा, माझ्याबद्दलही म्हणायचा. ड्यूटीवरून आले की मी त्याला कालव्याच्या कडेने पळवायचे. महिन्याभरात माझे गुडघे कुरकुरायला लागले आणि ते पैलवानासारखं तयार झालं. घरी येऊन पायपुसणं फाडायला पुन्हा ताजंतवानं.

तेव्हा मला आपला रेडिओ आठवला. मी लहान आहे, आपण अजून मोरगावलाच आहोत, आत कोण बोलतंय ते बघायला चाकूच्या टोकाने मागचं झाकण उघडून बसले आहे. तुम्ही मारलं नाहीत. आईला म्हणालात, "हिला शेरडांमागं धाड. दमली म्हंजी गप बसंल." दिवसभर मला तिथला माळ तुडवायला लावलात. संध्याकाळी तुम्ही हातपाय धुवायला गेलात आणि मी परत चाकू घेऊन बसले. पाय दुखत होते, आबा, पण डोकं उपाशी होतं. तुमच्यापुढे तेव्हा हे बोलायची कुणाची छाती नव्हती. आज कंपनीत मशिन बंद पडलं की आधी मला हाक मारतात, तेही ऐकून ठेवा.

आता पिल्लाचं पळणं निम्म्यावर आणलंय. उरलेल्या वेळात त्याच्या नाकाला काम. तुमची घोंगडी पसरते, वेड्यावाकड्या घड्या घालते आणि घडीघडीत शिळ्या भाकरीचे तुकडे लपवते. हो, तुमचीच घोंगडी, जिच्यावर आम्हाला पाय ठेवायची बंदी होती. पहिल्या दिवशी आई ओरडली, "आगं, त्येंच्या घोंगडीवर कुत्रं?" मी म्हटलं, "व्हय." पिल्लू नाक खुपसतं, फुरफुरतं, मधेच थांबून मान वाकडी करून विचार करतं, मग पंजाने घडी उलटतं. शेवटचा तुकडा सापडला की तिथंच आडवं होतं. इतकं पळवलं तेव्हा कधी असं झोपलं नव्हतं. तुम्ही बघायला हवं होतं. कबूल केलं नसतंत, पण भांडायला मजा आली असती.

लोढणं आज सकाळी मी बंबात घातलं. बाभूळच ती, झकास पेटली. त्याच पाण्याने आईने अंघोळ केली. बाहेर आली, रिकाम्या उंबऱ्याकडे बघितलं आणि भाकरीचा एक तुकडा स्वतःच घडीत सरकवला. पिल्लू राहणार.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं सांगते. आई म्हणते, "आता घोंगडी तरी धू, कुत्र्याचा वास मारतोय." मी धुणार नाही. त्या वासाच्या खाली अजून तुमचा वास आहे. तुकडे लपवायच्या निमित्ताने पहिलं नाक मीच खुपसते.