खुशालरावांच्या मळ्यातली विश्रांती

मुक्काम खुशालरावांचा मळा, दर्यापुरापासून दोन कोस
पौष वद्य पंचमी, शके १७८६

तीर्थरूप मामासाहेब रामराव यांचे चरणी, अकोला मुक्कामी, भाचा शेषराव याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि नव्या म्हशीचा स्वभाव ही तिन्ही दुखणी एव्हाना ताळ्यावर आली असतील अशी आशा करतो. पत्राच्या आरंभी इकडची खुशाली कळवायची पद्धत आहे म्हणून कळवतो, की आम्ही चौघेही हयात आहोत आणि चौघांपैकी तिघी मजेत आहेत. चौथ्याची हकीकत खाली दिली आहे.

आश्विनातल्या तापानंतर माझा हाडांचा सापळा पाहून तुम्हीच म्हणाला होता, की शेषराव, अमरावतीच्या कचेरीत कागद खरडून तू मरशील, त्यापेक्षा पंधरा दिवस रजा काढ आणि बायकोमुली घेऊन माझ्या मित्राच्या मळ्यात जा. तिथे नवा बंगला आहे, बाग आहे, दूध आहे आणि काम काही नाही. मामासाहेब, यातले दूध खरे निघाले. तुम्ही मला इतक्या मायेने या ठिकाणी धाडले याबद्दल मी तुमचे उपकार कोणत्या शब्दांत मानू हे महिनाभर शोधतो आहे, आणि जे शब्द सुचतात ते वडील माणसाला लिहिण्यासारखे नाहीत.

प्रथम बंगल्याविषयी. बंगल्याला चार भिंती आहेत आणि त्या उत्तम आहेत. खिडक्यांना मुंबईहून आणलेल्या काचा आहेत. छप्पर मात्र यायचे आहे. साता समुद्रांपलीकडे अमेरिका म्हणून जो मुलूख आहे तिथले लोक आपसात लढताहेत, त्यामुळे आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले आहेत, आणि वऱ्हाडात जिला चाक आहे ती प्रत्येक वस्तू कापूस वाहते आहे. मग छपराचे कवेलू कोण वाहणार? म्हणून अर्ध्या बंगल्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकल्या आहेत आणि अर्ध्यावर आकाश आहे. (पाहुण्यांची खोली आकाशाच्या बाजूला.) दिवस मावळला की खुशालराव स्वतः येऊन काचेच्या खिडक्या एकेक करून लावून जातात, म्हणजे आम्हाला वारा लागू नये. त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आहेत हेही कळवतो, कारण ते स्वतः दिवसातून दोनदा कळवतात. आता तुम्ही म्हणाल, एवढा त्रास होता तर परत का आला नाहीस. आम्हाला सोडायला गाडीवाले गयासुद्दीन यांची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, होती. गृहस्थ फार गोड बोलणारे. आठ दिवसांत न्यायला येतो म्हणून गेले ते दमणीत कापूस कोंबून खामगावला गेले, आणि शेवटची खबर अशी, की मूर्तिजापुराकडे आगगाडीच्या सडकेवर विटा टाकताना कोणाला तरी दिसले. दुसरी गाडी नाही. चालत जायचे तर मला ताप येऊन गेलेला, आणि धाकटी चार वर्षांची.

आता बाग. खुशालरावांनी एलिचपूरच्या छावणीत कोणा साहेबाची बाग पाहिली आणि त्या दिवसापासून त्यांना आपल्या काळ्या जमिनीची लाज वाटू लागली. साहेबाच्या खानसाम्याकडून त्यांनी बियांच्या सोळा पुड्या आणल्या, त्यांवर इंग्रजी अक्षरे. मी इंग्रजी जाणणारा, म्हणून उतरल्याबरोबर हातपाय धुवायच्या आधी पुड्या माझ्यापुढे आल्या. मामासाहेब, माझे इंग्रजी 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' इथपर्यंत आहे. अर्जाखाली सही कुठे करायची हे मला कळते. पुडीत काय आहे हे कळत नाही. पण खुशालराव, त्यांच्या घरची मंडळी आणि दोन गडी अशा भक्तिभावाने माझ्याकडे पाहत होते, की मी एकेक पुडी वाचून सांगितली. हे विलायती फूल, हे अधिक मोठे विलायती फूल, हे फक्त राणीच्या बागेत असते, वगैरे. त्या क्षणापासून मी बागेचा मुख्य झालो. विश्रांतीचे पहिले सहा दिवस मी वाफे केले आणि सातव्या दिवशी पाट खोदला. विहीर एक, मोट एक. त्या मोटेचे पाणी दगडी डोणीत पडायचे ते मी पाट काढून गुलाबांकडे आणि राणीच्या फुलांकडे वळवले. खुशालरावांनी पाठ थोपटली. राणीचे फूल चार दिवसांत उगवले. ते मी दाराच्या दोन्ही बाजूंना दुहेरी ओळीत लावले होते. तुमच्या भाचेसुनेने पाने पाहिली, एक चुरगाळून हुंगले आणि म्हणाली, "हे मुये हायत." मी तिला म्हणालो, की विलायतेतल्या पुष्कळ फुलांची पाने मुळ्यासारखी असतात. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या पानात त्याच पाल्याची भाजी वाढली. तरीही खुशालराव आल्यागेल्याला त्या ओळी दाखवतात, आणि लोक जोडे काढून लांबून पाहतात.

एवढ्यावर थांबले असते तर मी याला विश्रांती म्हटले असते. परंतु दहाव्या दिवशी कापूस वेचणाऱ्या बायका आल्या नाहीत. सत्तावीस बाया रोज येत, त्यांची पुढारीण पार्बताबाई म्हणून एक वयस्क, काटक बाई आहे. त्या दिवशी वावर पांढरेशुभ्र फुटलेले आणि वेचायला चिटपाखरू नाही. खुशालराव म्हणाले, भाव पाहून बाया माजल्या, येतील आपोआप. तोवर त्यांनी घरातल्या सर्वांवर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मित्राला मदत करण्यासारखे पुण्य नाही असे ते म्हणाले. (ते तुमचे मित्र आहेत, माझे नव्हेत, हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही.) तेव्हा तुमचा भाचा कमरेला ओटी बांधून वावरात उतरला. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटे फाटतात हे कचेरीत कोणी सांगत नाही. संध्याकाळी ज्याचा त्याचा ढीग पाहिला. तुमच्या भाचेसुनेचा ढीग माझ्या छातीपर्यंत होता. नऊ वर्षांच्या जमुनेचा माझ्या गुडघ्यापर्यंत. माझ्या ढिगावर मांजर बसले होते आणि त्याच्याखाली कापूस दिसत नव्हता. पाच दिवस हे चालले. खुशालराव ओट्यावरून आम्हाला उत्तेजन देत.

सहाव्या दिवशी आभाळ भरून आले. पौषात आभाळ येणे आणि फुटलेल्या कापसावर पाणी पडणे म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. कापूस काळा पडला की कितीही लढाया होवोत, त्याला कोणी विचारीत नाही. खुशालरावांचा चेहरा त्या दिवशी प्रथमच माणसासारखा दिसला. सबंध वर्षाचे पीक उघड्यावर होते आणि वेचायला आम्ही तिघे. ते म्हणाले, शेषराव, तुम्ही कचेरीतले, तुम्हाला बोलता येते, पार्बताबाईकडे जा. स्वतः का जात नाही असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "माया बापानं कोनाच्या दारात पाय नाई टाकला." त्यांच्या वडिलांची ही आठवण ठेवून मी डोक्याला पागोटे गुंडाळले आणि निघालो. मागोमाग तुमची भाचेसून निघाली. मी नको म्हणालो होतो.

पार्बताबाई दारात तूर पाखडत बसली होती. मी कचेरीत ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात आरंभ केला, की आपली जी काही तक्रार असेल तिचा योग्य तो विचार होईल.

"कोन करन इचार?" तिने सूप न थांबवता विचारले.

मी म्हणालो, होईल. ती म्हणाली, "दिसभर उन्हात वाकून येचतो आमी. डोनीतलं पानी पेत होतो. आता डोनी कोरडी. आमी नाल्यावर जाव अन् पानी फुलाईनं प्याव, काहून?"

मी आभाळाकडे पाहिले. तेव्हा तिने सूप खाली ठेवले.

"पाट कोनं खोदला?"

मी म्हणालो, खुशालरावांच्या हुकुमाने खोदला गेला.

"हुकूम कोनाचा थे नाई इचारलं. कुदय कोनाच्या हातात होती?"

"माझ्या," मी म्हणालो.

ती उठून आत गेली आणि सुनेला घेऊन बाहेर आली. वीसएक वर्षांची पोर, सातवा महिना. नाल्याच्या उतारावर घागरीसकट घसरली होती. पोटाला काही झाले नाही, पण मनगट मोडले होते आणि त्याला हळद लावून कामट्या बांधल्या होत्या. पोर माझ्याकडे पाहून हसली, कारण घरी पाहुणा आला की हसायचे असते. मामासाहेब, याविषयी अधिक लिहीत नाही. पुढचे बोलणे तुमच्या भाचेसुनेने केले. ते दोघींत झाले, हळू आवाजात, आणि मला अंगणातल्या शेळीबरोबर उभे राहायला सांगण्यात आले. निघताना पार्बताबाई एवढेच म्हणाली, की पैले आमचं पानी आमाले द्या, मंग येतो.

खुशालरावांना हे सांगितले तेव्हा ते काचेच्या खिडक्यांच्या खोलीत जाऊन बसले. माया वावरात मी बाईमानसाच्या सांगन्यावरून पाट बुजवू, असे आतून दोनदा ऐकू आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाट बुजलेला आढळला. (काळ्या मातीचा काही भरवसा नाही. ती सरकते.) मोटेचे पाणी पूर्वीसारखे डोणीत पडू लागले, आणि उन्हे वर यायच्या आत सत्तावीसपैकी सव्वीस बाया वावरात होत्या. दोन दिवस आणि तिसऱ्या दिवसाची दुपार, एवढ्यात त्यांनी सबंध वावर उतरवले. मग जे पाणी आले ते तीन घटका कोसळले. बांधाकडचा एक कोपरा तेवढा भिजला. आमच्या खोलीत गुडघाभर पाणी साचले, पण खिडक्यांतून एक थेंब आत आला नाही, हे खुशालरावांनी मुद्दाम दाखवले. हल्ली ते सर्वांना सांगतात, की बाया कशा हाताळायच्या हे त्यांच्याकडून शिकावे. गुलाब वाळले. राणीची फुले बोटभर जाड झाली आहेत, जमिनीखाली.

असो. तुमच्या कृपेने मला जी विश्रांती मिळाली तिने माझे तळहात फाटले, कंबर धरली आणि कचेरीतले माझे दप्तर कोणाच्या हाती गेले देव जाणे. तरी हात जोडून विनंती, की अकोल्यात जी गाडी दिसेल ती, बैलाची, रेड्याची, कशीही, पत्र पोचताच इकडे धाडावी. मामींस नमस्कार. म्हशीस सांभाळून असावे. कळावे, लोभ आहेच, तो यापुढे जरा दुरून असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक
शेषराव

ता. क. पत्र पुन्हा वाचले. गाडीची एवढी निकड नाही. आता बैलांना उगीच त्रास नको. माघ संपेपर्यंत पाहावे.

आणखी एक. रजा वाढवण्यासाठी कचेरीत काही तरी कारण द्यावे लागेल. माझा ताप दोनदा दाखवून झाला आहे. तरी तुम्ही अत्यवस्थ आहात असा एक कागद, कोणा वैद्याच्या सहीनिशी, अमरावतीस परस्पर पाठवावा. दुखणे फार वाढलेले नसले तरी चालेल, पण आशा सोडण्याजोगे असावे. कारण विचाराल तर दुसऱ्या वेचणीवर देखरेखीला कोणी जाणते माणूस हवे असे खुशालराव म्हणतात.

आणखी. खालच्या ओळी तुमच्या भाचेसुनेने सांगितल्या आणि मला लिहाव्या लागत आहेत. तिला वाचता येत नाही. पण मी लिहिलेले वाचून दाखवताना एखादा शब्द बदलला की माझ्या तोंडावरून ओळखते, म्हणून जसेच्या तसे:

मामाजी, मामीले अन् तुमाले नमस्कार. यायचं काई आयकू नका. दुसऱ्या येचनीले यायले कोनी इचारत नाई. पाट यायनंच बुजवला, एकट्यानं, अन् हाताले फोड आले थे त्याचेच हायत. आता रोज पाह्यटी पार्बताबाईच्या घरी दोन घागरी पानी नेऊन देतात, तिच्या सुनेचा हात मोडला म्हनून. पैल्या दिसी अर्दं सांडलं, आता नाई सांडत. ताप मारगेसरापासून नाई. चार भाकरी खातात. पोरीचा हात जुळाले अजून महिना लागन, मंग तिचं बायंतपन हाय. थे झालं का मी सांगावा धाडतो, तवा गाडी धाडा.