अम्मीचं मत

अब्बा, आज तुमच्यावर चिडून लिहितेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, राग निवायला हवा होता. निवला नाही, आणि परवाच्या शुक्रवारी पुन्हा पेटला.

जेद्दातल्या आपल्या घरातला शुक्रवारचा, जुम्म्याच्या नमाजानंतरचा दस्तरखान आठवतो. भात, सुरमईचं सालन, आणि ताटं उचलायच्या आधी तुमची बैठक. शाळेत तुम्ही इतिहास शिकवायचात आणि अमेरिका उभी करणाऱ्यांवर तुमचा भारी जीव. एकाच माणसाच्या हाती सगळी सत्ता नको म्हणून त्यांनी ती तीन ठिकाणी वाटली. त्यांचा पहिला अध्यक्ष मनात आणता तर राजा झाला असता, पण खुर्ची सोडून आपल्या शेतावर परत गेला. हे तुम्ही दर वेळी नव्याने सांगायचात. घरही त्यांच्याच राज्यघटनेवर चालायचं. तुम्ही अध्यक्ष, अम्मी, भाई आणि मी संसद. समुद्रावर जायचं का, एसी कधी बंद करायचा, सगळ्यावर हात वर. तुम्ही हरायचात आणि हरून खूश व्हायचात. बाकीच्या कोकणी घरांत असलं काही नव्हतं, मी मैत्रिणींसमोर केवढी मिरवायचे.

मग माझी बारावी झाली. मला पुण्याला डॉक्टरीला जायचं होतं. तीन हात वर झाले, अम्मीचा सगळ्यांत आधी. तुम्ही म्हणालात, "अध्यक्षांना नामंजूर." भाई म्हणाला, "अब्बा, दोन तृतीयांश मतांनी तुमचा नकार मोडता येतो. तुम्हीच शिकवलंत." तुम्ही शांतपणे हात पुसत म्हणालात, "त्यांनी घटना लिहिली तेव्हा बायकांना मत नव्हतं. तिघांतलं एकच मत उरलं. खलास." अम्मीचा हात अजून वरच होता. तो तिने हळूच खाली घेतला आणि चहा ठेवायला उठली. एसीपुरतं तिचं मत चालत होतं, अब्बा. माझ्या आयुष्याची वेळ आली तेव्हा ते बाद झालं. आज मी इथे जेद्दातल्याच एका हॉस्पिटलच्या काउंटरवर बसते, पेशंटचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, तपासते आणि त्यांना आत डॉक्टरांकडे पाठवते.

गेल्या आठवड्यात माझी लेक शाळेतून तणतणतच आली. "मम्मी, ‘सब बराबर हैं’ लिखने वालों के घर में गुलाम थे. फर्स्ट प्रेसिडेंट के भी. नाना को पता नहीं था?" माहीत होतं. तुमच्या पुस्तकात ते पान होतं, तुम्ही ते उलटून पुढे जायचात. त्या लोकांचं चांगलं ते वर्गात सांगितलंत आणि वाईट ते नेमकं माझ्या वेळेला वापरलंत. याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो.

तिला पुण्याला कायदा शिकायचाय. शुक्रवारी जेवताना तिने विषय काढला, माझा नवरा म्हणाला, "बघू नंतर." अम्मी सध्या व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आहे. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी तिने हात वर केला आणि जावयाला म्हणाली, "मोज रे. माझं पण धर." मग लेकीने हात वर केला, मग मी. नवऱ्याने तिघींकडे बघितलं आणि हसून म्हणाला, "यल्ला, चल, फॉर्म भर."

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या कबरीपाशीही नेणार नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. मतं मोजून झाली, लेक नाचायला लागली, अम्मी डोळे पुसत होती, आणि मी मात्र तुम्ही हो म्हणाल म्हणून थांबले होते.