समुद्राचं मीठ

चांदा, रविवार, ८ डिसेंबर १९५७

जीभ अजून खारट आहे. की मलाच तसं वाटतंय?

गावात भरलेल्या, समुद्राविषयीच्या विज्ञान परिषदेला शाळेने मला पाठवलं खरं, पण यांचे थोरले भाऊ, माझे भासरे, पहिल्याच रांगेत बसलेले. भासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, ही घरची रीत. मी बायकांत, जाऊबाईंना चिकटून, डोक्यावरचा पदर धरून.

मुंबईच्या प्रोफेसरांनी समुद्राच्या पाण्याची बाटली सभेत फिरवली. नुसता वास घ्या म्हणाले. आमच्या लोकांनी तळहातावर थेंब घेतला, तीर्थासारखा प्यायला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. माझ्यापर्यंत शेवटचा थेंब आला. मीही चाटला.

मग त्यांनी विचारलं, "समुद्रात मीठ आलं कुठून?" अहो, दरवर्षी मी हे चौथीला शिकवते. नद्यांनी नेलं. आपल्या वैनगंगेनेसुद्धा, इथलेच दगड झिजवून. उत्तर तोंडात होतं, त्या खारट थेंबाशेजारी. आणि समोर भासऱ्यांची पांढरी टोपी.

प्रोफेसर हसले. "जंगलातल्या लोकांना समुद्राचं काय ठाऊक असणार!"

रात्री जेवताना भासरे जाऊबाईंना म्हणाले, "तिले विचार, शाळेत शिकवते ना? मंग सभेत काऊन नाई बोलली? साऱ्या चांद्याची लाज गेली."

मी दाराआड उभी. तोंडातली चव काही जाईना.

"बाई, सांगा त्याइले," मी म्हटलं, "मले येत नव्हतं."

भासरे माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते. तरी जाऊबाईंनी निरोप पोचवला.