नवसाचा कोंबडा खाटेखाली आहे

नंदू,

कोंबडा माझ्या खाटेखाली टोपलीत आहे. वरचं गोणपाट काढू नकोस, त्याला अंधार आणि ऊब पाहिजे. धसका घेतलाय त्याने, डोळा उघडत नाही. जखमांना हळद लावलीय. गुळाचं पाणी बोटाने चोचीला लाव. घशात ओतलंस तर गुदमरेल. टीव्ही बंद ठेव.

तुझ्या आजारपणात गावच्या राखणदाराला बोललेला कोंबडा, आणि मेल्या तू तो मित्रांपुढे झुंजवलास. जखमी कोंबडा देवाला चालत नाही. दुसरा देऊ. हा जगला तर इथेच राहील.

याच्याशी झुंजवलेला परबीणीचा कोंबडा मेला. तिच्यापुढे हात जोडायला खाली जातेय. या चाळीत आजवर कुणापुढे जोडले नव्हते.

भात झाकलाय. आधी त्याला पाणी लाव, मग जेव.

आई