न वाचलेला शिलालेख

ती. आईस राजकन्याचा नमस्कार.

मी धडधाकट हाय, काळजी करू नको.

मांजरेकाठच्या ज्या जुन्या देवळाची मी राखण करते, तिथं परवा पूर आला. देवळाभोवती आम्ही वाळूच्या गोण्यांचा बांध घातला होता. पाणी वस्तीत शिरलं तशी वर्षाराणी लेकरू घेऊन धावत आली. "ताई, गोण्या दे, घर चाललं!" मीच बांध मोडून गोण्या दिल्या.

घरं वाचली न्हाईत आन् देऊळबी गेलं. हजार वर्षांचा शिलालेख वाहून गेला. रोज पुसत होते मी तो, पण त्यावर काय लिहिलंय ते कुणीच वाचलं नव्हतं.

मुदखेडला पाणी उतरलं का? तुझे गुडघे कसे हायत?

इतक्यात येत न्हाई. उरलेला चौथरा राखायचा हाय.

तुझीच,
राजकन्या