दुर्बिणीला अंगडं

माबांबाची दलदल, मंगळवार

रुतारेम्वा मामांना भाच्याचा दोन्ही हातांनी नमस्कार. तुमची कंबर, मामींचा खोकला आणि ती एका शिंगाची शेळी, सगळं ठीक ना? मी मजेत आहे. हे पत्र नुसतं खुशालीचं, मागणं काही नाही (मागच्या तिन्ही पत्रांत होतं, ते विसरा).

होडीतून परदेशी पाहुण्यांना बुलवे दाखवायचा, हे माझं काम. बुलवे म्हणजे जोड्याएवढ्या चोचीचा करडा पक्षी. चार-चार तास जागचा हलत नाही, आणि तेच बघायला लोक विमानाने येतात. आपले धाकटे काका उगाच गावात पडून राहिले. तर हा पक्षी लांबून बघायला मालकांनी एक आखूड दुर्बीण घेतलीय, मक्याच्या कणसाहून जरा मोठी. भिंगाला चरा पडला किंवा आत वाफ धरली, तर माझ्या हातात वल्हं येणार, असं मालक सेन्तोंगो रोज सकाळी न चुकता सांगतात.

तिची पिशवीही त्यांनीच निवडली. कंपालाला जाऊन, दुर्बीण घरी ठेवून, अंदाजाने. त्या पिशवीत ही आणि हिच्या दोन थोरल्या बहिणी मावतील. होडी हलली की दुर्बीण आत भोपळ्यातल्या बीसारखी खुळखुळते. वर तोंडाला चिकटपट्टी, ती उघडताना असा चर्रर आवाज होतो की एकदा माणसाला, पावसाला भीक न घालणारा बुलवेही उडून गेला. पाहुण्यांना त्याची शेपटी दिसली. पिशवी बदला म्हणावं तर निवड मालकांची, म्हणजे चूक बुलवेची.

मग मी डोकं चालवलं (इथेच घोटाळा झाला). बाजारात झाडाच्या सालीचं तांबूस कापड मिळालं, लुबुगो म्हणतात. मऊ, आवाज नाही, ओल शोषून घेतं. दुर्बीण आणि ती उभी करायची छातीएवढी तिपाई त्यात एकत्र गुंडाळली, केळीच्या सोपटाने वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी बांधली, होडीत आडवी ठेवली आणि पाहुण्यांसाठी चपात्या आणायला गेलो. आता, या लोकांत लुबुगो मढ्याला गुंडाळतात, हे आपल्या डोंगरातल्या माणसाला कोण सांगणार? परत येतो तो काय, म्हातारा नावाडी लुयोंब्या होडीतून उतरून हात बांधून उभा. मासे तळणारी नाकावुका रडतेय, आणि मधूनच म्हणतेय, होताच ठेंगणा बिचारा. पाहुण्यांनी टोप्या काढलेल्या. मला शोधलं आणि मी सापडलो नाही, म्हणून सर्वांनी मिळून मलाच आत धरलं होतं. सोडून बघायची हिंमत कुणाची होणार! मालक मोटरसायकलवरून कोट घालून आले होते आणि गाठोड्यासमोर बोलत होते, "पोरगं डोंगरातलं, पण नजर घारीची. असा दुसरा मिळायचा नाही."

मी चपात्या हातात घेऊन मागे गप्प उभा राहिलो. मामा, दोन वर्षांत हा माणूस माझ्याबद्दल एवढं गोड बोलला नव्हता, म्हटलं जरा संपू दे. पण नाकावुकाने मला पाहिलं आणि किंकाळी फोडली. मालकांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मेला नाहीस, तर मग कामावर का नव्हतास?"

शनिवारी सहा पाहुणे येणार आहेत. तोवर दुर्बिणीला धड पिशवी झाली नाही आणि त्या चर्ररने बुलवे पुन्हा उडाला, तर दुर्बीण मालकांच्या जावयाकडे जाणार (त्याला बुलवे आणि झाडाचं खोड यांतला फरक बुलवे उडाल्यावरच कळतो) आणि मी वल्ह्यावर. बाकी क्षेम. लहानांना माझ्या नावाने एकेक टपली.

तुमचा भाचा,
तिबेसिग्वा

ता. क. मागणं नाही, पण सुचलं म्हणून लिहितो. तुम्ही बकऱ्याच्या कातड्याच्या चपला शिवता, तसंच एक अंगडं शिवा. दोन्ही टोकांना झाकणं ठेवा, म्हणजे ते न काढताच दुर्बिणीतून बघता येईल. कातडी गुंड्या लावा, आवाज नको. आतून लोकर. वर सुका भोपळा बांधा, पाण्यात पडली तर तरंगेल.

ता. क. दुसरा. मापाची चिंता नको. पत्र आणणाऱ्या बसवाल्याकडे दुर्बीणच दिलीय. मालकांना पत्ता नाही. इथे मी ती कंपालाची पिशवी बंद करून तिपाईवर चढवून ठेवलीय. आज मालक तिच्यावर थाप मारून म्हणाले, शेवटी शिकलास, वस्तू जपावी ती अशी. आत कसावाचा कंद आहे. शनिवारी सकाळी सात वाजता पहिला पाहुणा त्याला डोळा लावेल.